बालकांतील बहुग्रंथी विकार : वेळीच ओळख आवश्यक

मानवी देहातील अंतःस्रावी ग्रंथी आकाराने लहान असल्या, तरी शरीराची वाढ, रक्तातील साखर, क्षार व रक्तदाब यांचे नियमन त्यांच्या संप्रेरकांवरच अवलंबून असते. रोगजंतूंशी झुंजणारी प्रतिकारशक्ती क्वचित या ग्रंथींनाच परके समजून त्यांचा नाश करू लागते. अशा रीतीने दोन वा अधिक ग्रंथी निकामी झाल्या, की त्यास बहुग्रंथी स्वप्रतिकार विकार म्हणतात.

विकाराचे स्वरूप

बालपणी उद्भवणारा पहिला प्रकार अत्यंत विरळा आहे. तो एका जनुकातील दोषामुळे होतो, हे १९९७ मध्ये निश्चित झाले. सदोष जनुक बहुधा माता व पिता या दोघांकडूनही आलेले असते. प्रथम तोंडात वारंवार बुरशीचा पांढरा थर, पुढे कॅल्शियम घटल्याने पेटके व झटके, आणि नंतर अधिवृक्क ग्रंथींचा ऱ्हास, असा क्रम सामान्यतः आढळतो. दुसरा प्रकार मुख्यतः प्रौढांत दिसतो. तथापि, इन्शुलिन घेणाऱ्या मधुमेही मुलांत अवटू ग्रंथीचा विकारही पुष्कळदा आढळत असल्याने तिची नियमित तपासणी इष्ट ठरते.

शिक्षकांची दृष्टी

सतत थकवा, घटते वजन, त्वचेचा वाढता काळसरपणा, मिठाची ओढ, अतिशय तहान किंवा खुंटलेली उंची ही लक्षणे आळसाची नव्हेत. झटक्यांना ‘बाहेरची बाधा’ समजून कालापव्यय करणे तर जिवावर बेतू शकते. पवनी तालुक्यातील अड्याळसारख्या गावी ग्रामीण रुग्णालय आहे. तेथून भंडारा व नागपूर येथील तज्ज्ञांकडे बालकास पाठविता येते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळा व अंगणवाड्यांत येतात, तेव्हा अशी मुले आवर्जून दाखवावीत.

उपचार

नष्ट झालेली ग्रंथी सहसा पूर्ववत होत नाही. परंतु उणे पडलेले संप्रेरक औषधरूपाने देता येते. अधिवृक्क विकारावरील गोळ्या कधीही परस्पर थांबवू नयेत. तापात त्यांची मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने वाढवावी लागते. या ग्रंथींच्या विकाराची शंका असल्यास त्यांची तपासणी अवटूच्या औषधापूर्वी व्हावी, अन्यथा प्रकृती एकाएकी ढासळण्याचा धोका असतो.

उपचार आयुष्यभराचे असले, तरी ते नियमित घेणारी बहुतेक मुले शिकू, खेळू व कर्तृत्व गाजवू शकतात. त्यासाठी शाळा, पंचायत आणि आरोग्य केंद्र यांनी जागरूक राहणे अगत्याचे आहे.