आकाशातून दिसते, जहाजावरून दिसत नाही

बेंगळुरूत मारतहळ्ळीला आऊटर रिंग रोडलगत इस्रोचे उपग्रह जोडणी आणि चाचणी केंद्र आहे. सगळे त्याला 'इसाइट' म्हणतात. समुद्र इथून साडेतीनशे किलोमीटर लांब, पण दर्यावर जाणाऱ्या माणसाचे या शहराशी नाते जुळले आहे. २०१७ च्या ओखी वादळानंतर केरळ-तामिळनाडूच्या मच्छीमारांना 'नाविक' या भारतीय उपग्रह-दिशादर्शन प्रणालीचे संदेश घेणारी यंत्रे देण्यात आली. होडीवरच्या संकट-संदेशकाची हाक उपग्रहामार्गे आधी बेंगळुरूच्या नियंत्रण केंद्रात उतरते आणि तिथून तटरक्षक दलाच्या शोध-बचाव केंद्राकडे जाते.

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरच्या एकाच कार्यक्रमात दोन गोष्टी झाल्या. सुमारे ७६ हजार कोटींच्या वाढवण बंदराची पायाभरणी झाली आणि देशाच्या किनाऱ्यावरच्या १ लाख मासेमारी नौकांवर इस्रोच्या तंत्राचे ट्रान्सपॉन्डर बसवण्याची, सुमारे ३६० कोटींची योजना सुरू झाली. बंदराला स्थानिक मच्छीमारांचा विरोध जुना आहे आणि तो समजण्यासारखा आहे. या लेखाचा प्रश्न मात्र वेगळा: उद्या तिथे महाकाय कंटेनर जहाजे येऊ लागली, तर त्याच पाण्यातल्या होडीचे काय?

पालघर ते मुंबई हा डोलीचा पट्टा. डोल म्हणजे पिशवीसारखे लांबलचक जाळे. ते खुंटांना किंवा नांगरांना जखडतात, तोंड पाण्याच्या ओढीकडे ठेवतात आणि भरती-ओहोटीच जवळा, बोंबील, मांदेली आत लोटते. होडीचा प्रमुख, म्हणजे तांडेल, पाणी फिरायची वाट पाहत जाळ्याजवळच थांबतो. समोरून जहाज आले तर होडी काढता येईल, पण डोल काही मिनिटांत उचलून बाजूला होता येत नाही.

आता जहाजाच्या ब्रिजवरून पाहू. १२ मीटरपेक्षा लहान होडीचा चौफेर दिवा नियमाप्रमाणे किमान २ सागरी मैलांवरून दिसला पाहिजे. ताशी २० सागरी मैलांनी येणारे जहाज हे अंतर ६ मिनिटांत कापते. एवढ्यात दिवा ओळखायचा, होडी कुठे चालली आहे ते ताडायचे आणि हजारो टनांचे धूड वळवायचे. लाकडी किंवा फायबरच्या होडीचा रडारवर ठिपका पुसट उमटतो. उधाणात तो लाटांच्या गर्दीत हरवतो. शिवाय नव्या जहाजांनाही नाळेपुढचा ५०० मीटरपर्यंतचा पाण्याचा पट्टा कंटेनरांच्या थप्पीआड जाऊ देण्याची मुभा आहे. म्हणजे होडी अगदी जवळ आली की ब्रिजवरच्या माणसाला ती दिसेलच असे नाही.

एप्रिल २०२१ मध्ये मंगळुरूपासून सुमारे ४३ सागरी मैलांवर 'एपीएल ल हाव्र' हे जहाज आणि 'रबाह' ही बेपूरची मासेमारी नौका यांची रात्री टक्कर झाली. नौकेवर १४ जण होते. दोघेच जिवंत सापडले.

टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ चे, १९७७ पासून लागू. जाळे टाकून बसलेल्या नौकेला इंजिनवर चालणाऱ्या जहाजाने वाट द्यावी, असे ते सांगतात. अरुंद खाडीत किंवा बंदराच्या चॅनेलमध्ये मात्र मासेमारी नौकेने इतरांची वाट अडवायची नाही. हे दोन्ही न्याय्य आहे. खुल्या समुद्रात जहाजाला जागा आहे, चॅनेलमध्ये नाही. म्हणून चॅनेलच्या तोंडाशी नांगर टाकून, दिवा विझवून झोपणे मला कदापि समर्थनीय वाटत नाही. ट्रॉलरचा हिरव्याखाली पांढरा, इतर मासेमारीचा लालखाली पांढरा, हे दिवेही नेमके हवेत; शोभेच्या लुकलुकत्या माळांत ते हरवले की समोरच्या अधिकाऱ्याला काहीच उमगत नाही.

पण दोषाचे माप सारखे नाही. डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवणे हे प्रत्येक जहाजाचे पहिले कर्तव्य आहे, आणि ज्याच्याकडे रडार, वेग आणि वजन आहे त्याचे तर ते सर्वांत आधी.

नव्या ट्रान्सपॉन्डरची उणीवही जहाजाला होडी दिसण्याच्या याच प्रश्नात आहे. मोबाइलची रेंज संपते तिथून तो किनाऱ्याशी दोन्ही बाजूंनी संदेश देवघेव करतो, वादळाची सूचना देतो, सागरी हद्द ओलांडली जात असेल तर सावध करतो. यातून जीव वाचतील. मात्र ही जोडणी होडी आणि किनारा यांच्यातली आहे. मैलभरावरच्या जहाजाला होडीचे नाव, जागा, दिशा सांगते ती एआयएस ही व्हीएचएफ लहरींवरची यंत्रणा. मोठ्या जहाजांवर ती सक्तीची आहे. आपल्याकडच्या मासेमारी नौकांपैकी २० मीटरपेक्षा लांब नौकांपुरतीच ही सक्ती आहे. कोकणातल्या बहुतेक होड्या त्याहून लहान. आकाशातल्या उपग्रहाला दिसणारी होडी शेजारच्या जहाजाला दिसू नये, हे मला मान्य नाही.

वाढवणचे चॅनेल नकाशावर पक्के होण्याआधी डहाणू-पालघरच्या तांडेलांना त्या नकाशापुढे बसवावे, डोलीच्या जागा त्यावर आखाव्यात आणि ट्रान्सपॉन्डरसोबत प्रत्येक होडीवर छोटा एआयएस संच व रडार परावर्तक सरकारी खर्चाने बसवावा. ७६ हजार कोटींच्या कामात हा खर्च जड नाही. पहिले जहाज येण्याआधी तो झाला पाहिजे.