खोका पुन्हा कागद कसा होतो? बोईसरच्या भंगारापासून लगद्याच्या यंत्रापर्यंत

औषधं असोत, कापड असो की रंग, तारापूर एमआयडीसीतून बाहेर पडणारा बराचसा माल तपकिरी पुठ्ठ्याच्या खोक्यांत बसून गाडीत चढतो. कारखान्यांत येणारं सामानही तसंच येतं. त्यात आता ऑनलाइन खरेदीची भर पडली आहे. बोईसरच्या एखाद्या सोसायटीत आठवड्याला किती खोके जमा होतात, हे तिथल्या सफाई कामगाराला विचारा.

हे खोके भंगारवाल्याकडे जातात, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण पुढे काय होतं? भंगारातला पुठ्ठा पुन्हा कोरा कागद होतो म्हणजे नेमकं कोणतं यंत्र काय करतं? आणि खोक्याला काही भलतंसलतं लागलेलं असेल, तर ते यंत्राला कळतं का?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तारापूरसारख्या रासायनिक पट्ट्यात राहणाऱ्यांनी माहीत करून घ्यायलाच हवं. त्यासाठी आधी कागद म्हणजे काय ते बघू.

कागदाची फाटलेली कड बघा

खोक्याचा एक तुकडा फाडा आणि फाटलेली कड उजेडात धरा. बारीक केसांसारखी कुसं दिसतील. ते लाकडाचे तंतू. पाइनसारख्या झाडाचा तंतू साधारण ३ मिलीमीटर लांब असतो, बांबूचा २ मिलीमीटरच्या आसपास, तर निलगिरीचा १ मिलीमीटर किंवा त्याहून कमी. तंतू जितका लांब, तितका कागद फाटायला चिवट.

झाडात हे तंतू सुटे नसतात. लिग्निन नावाचा नैसर्गिक डिंक त्यांना घट्ट चिकटवून ठेवतो. विटांच्या भिंतीत सिमेंट असतं तसा. लाकडाच्या वजनात लिग्निनचा वाटा साधारण २० ते ३० टक्के असतो. त्याच्यामुळेच झाड ताठ उभं राहतं आणि त्याच्यामुळेच लाकडाचा कागद करणं अवघड जातं.

तंतू एकदा सुटे झाले की पुढचं काम पाणी करतं. पाण्यात भिजलेले तंतू एकमेकांवर पसरवून वाळवले की ते आपोआप एकमेकांना धरतात, त्यासाठी वेगळा गोंद लागत नाही. ही पकड पाण्यातच तयार होते आणि पाण्यानेच सुटते. म्हणून तर पावसात भिजलेला खोका हातात घेतला की गळून पडतो.

लाकूड फोडायचे तीन मार्ग

लाकडापासून कागद होऊ शकतो, हे माणसाला गांधीलमाशीने दाखवलं. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर यांनी १७१९ मध्ये लिहून ठेवलं होतं की, ही माशी लाकूड चावून त्याचा लगदा करते आणि त्याचं कागदासारखं घर बांधते. पण माणसाला तशी चावण्याची युक्ती सापडायला आणखी सव्वाशे वर्षं लागली. तोवर कागद चिंध्या आणि जुन्या दोरांपासूनच व्हायचा.

पहिला मार्ग घासण्याचा. १८४० च्या दशकात जर्मनीत फ्रीडरिश केलर यांनी ओलं लाकूड फिरत्या दगडावर दाबून त्याचा लगदा केला. त्याच सुमारास कॅनडात चार्ल्स फेनर्टी यांनीही तोच प्रयोग केला आणि १८४४ मध्ये हॅलिफॅक्सच्या एका वर्तमानपत्राला आपला कागद पाठवला. या पद्धतीत लाकडाचा ९० टक्क्यांहून जास्त भाग कागदात येतो. पण तंतू तुटतात आणि लिग्निन आतच राहतं. वर्तमानपत्र उन्हात ठेवलं की दोन दिवसांत पिवळं पडतं, ते या लिग्निनमुळे.

दुसरा मार्ग आधी मऊ करून मग भरडण्याचा. स्वीडनचे आर्ने आस्प्लुंड यांनी १९३१ मध्ये डिफायब्रेटर नावाचं यंत्र केलं. लाकडाच्या चकत्या, म्हणजे चिप्स, दाबाखालच्या वाफेत तापवायच्या. त्या उष्णतेने लिग्निन मऊ पडतं. मग त्या चिप्स दोन धातूच्या तबकड्यांमधून काढायच्या, अगदी जात्यासारख्या. मऊ झालेल्या सांध्यावर तंतू अलगद सुटतात. फर्निचरसाठी मिळणारा एमडीएफ बोर्ड आजही याच तत्त्वावर तयार होतो. कागदासाठी हा मार्ग वापरला तर विजेचं बिल मोठं येतं. वर्तमानपत्राच्या कागदासाठी टनामागे साधारण २,००० युनिट किंवा त्याहून जास्त.

तिसरा मार्ग शिजवण्याचा. कार्ल डाल यांनी १८७९ मध्ये शोधलेल्या क्राफ्ट पद्धतीत चिप्स कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडच्या द्रावणात १७० अंशांच्या आसपास शिजवतात. प्रेशर कुकरचाच अवाढव्य प्रकार म्हणा. लिग्निन विरघळून जातं आणि तंतू लांब नि मजबूत राहतात. जर्मनमध्ये ‘क्राफ्ट’ म्हणजे ताकद. किंमत मात्र दुसरीकडे मोजावी लागते. लाकडाचा जवळपास अर्धा भाग काळ्या द्रावणात जातो. मोठ्या गिरण्या ते द्रावण आटवून बॉयलरमध्ये जाळतात, त्यातून वाफ आणि वीज मिळवतात आणि रसायनंही परत काढून घेतात.

म्हणजे लाकूड फोडायचं तर वीज तरी द्यावी लागते, नाहीतर रसायनं आणि निम्मं लाकूड तरी.

नेपानगरची सालई, गडचिरोलीचा बांबू

हे तिन्ही मार्ग ऐकायला परदेशी वाटतात, पण आपल्या आसपासही ते वापरले गेले. भुसावळहून खंडव्याकडे जाताना बुऱ्हाणपूरच्या पुढे नेपानगर स्टेशन लागतं. इथल्या गिरणीत सालईच्या लाकडाचा यांत्रिक लगदा आणि बांबूचा शिजवलेला लगदा एकत्र करून वर्तमानपत्राचा कागद केला जायचा. २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित नेहरूंनी ही गिरणी देशाला अर्पण केली.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूरची गिरणी १९४५ सालची. तिची भूक चंद्रपूर-गडचिरोलीच्या बांबूवर भागत होती. पण जंगलातल्या बांबूवर हक्क कुणाचा, हा वाद दशकानुदशकं चालला. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी गडचिरोलीच्या मेंढा-लेखा ग्रामसभेकडे बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक सोपवलं. स्वतःच्या जंगलातला बांबू विकायचा हक्क अशा प्रकारे हाती आलेलं हे देशातलं पहिलं गाव. कागदाचा तंतू कुठून येतो, या साध्या प्रश्नामागे एवढं राजकारण असतं.

मग पालघरचा पेंढा का नाही?

पालघर जिल्हा भाताचा. वाडा कोलमला तर जीआय मानांकन आहे. इतका पेंढा असताना त्याचाच कागद का करू नये?

करता येतो. पेंढ्यात लिग्निन लाकडापेक्षा कमी, त्यामुळे तो शिजतोही लवकर. अडचण सिलिकाची. भाताचं रोप मातीतून भरपूर सिलिका शोषून घेतं. शिजवताना ती काळ्या द्रावणात उतरते आणि आटवणीच्या नळ्यांत दगडासारखी बसते. मग रसायनं परत मिळवणं कठीण होतं आणि ते द्रावण नदीनाल्यात जाण्याचा धोका वाढतो. शिवाय पेंढ्याचे तंतू आखूड, आणि पेंढा हलका असल्याने ट्रकभर नेला तरी वजन भरत नाही.

म्हणून देशातला बहुतांश कागद आज रद्दीपासून होतो. बोईसरच्या दृष्टीने रद्दीचं सगळ्यात जवळचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे वापी. रेल्वेने उत्तरेला साधारण ७० किलोमीटर. तिथे रद्दीपासून तपकिरी क्राफ्ट कागद करणाऱ्या गिरण्यांची रांगच आहे.

मोठ्ठा मिक्सर

खोक्यातलं लाकूड आधीच एकदा शिजवलेलं असतं, लिग्निनचं काम तेव्हाच झालेलं असतं. त्यामुळे गिरणीला फक्त तंतूंची एकमेकांवरची पकड सोडवायची असते. ते काम पल्पर नावाचं यंत्र करतं.

पल्पर म्हणजे काही हजार लिटरचा, तळाशी पातं असलेला हौद. घरच्या मिक्सरचा थोरला भाऊ. फरक एवढाच की, मिक्सरचं पातं कापतं आणि पल्परचं पातं पाणी जोरात घुसळतं. तंतू कापला गेला तर कागदाची ताकद गेली, म्हणून रद्दी कापायची नसते, ताकासारखी घुसळायची असते. साध्या पल्परमध्ये १०० किलो मिश्रणात ४ ते ६ किलोच रद्दी असते, बाकी सगळं पाणी. हे पाणी पुढे गाळून पुन्हा पल्परमध्ये आणतात.

हौदात एक जाड दोर सोडलेला असतो. चिकटपट्टी, पॅकिंगच्या पट्ट्या, तारा, प्लास्टिक असं सगळं त्याला गुंडाळलं जातं आणि त्याची लांबलचक वेणी हळूहळू वर ओढून काढली जाते. कागदगिरणीच्या मागच्या अंगणात या वेण्यांचे ढीग दिसतात.

यानंतर लगदा एकामागून एक चाळण्यांतून जातो. जड वाळू, काच आणि पिना गोल फिरवून खाली बसवतात. हलकं प्लास्टिक वर काढतात. शेवटच्या चाळणीच्या फटी मिलीमीटरच्या एक-तृतीयांशाहूनही अरुंद असतात.

मग येतो रिफायनर. यालाही जात्यासारख्या दोन तबकड्या असतात, त्यांच्यावर बारीक धारदार कंगोरे. या कंगोऱ्यांत तंतू चेपला जातो, त्याच्या अंगावर कुसं फुटतात आणि त्याला शेजारचा तंतू पुन्हा घट्ट धरता येतो. अशा तबकड्या आणि लगद्याची यंत्रं महाराष्ट्रातही होतात. छत्रपती संभाजीनगरची पारासन ही कंपनी त्यातलं ओळखीचं नाव.

पण प्रत्येक फेरीत तंतू थोडा आखूड होतो आणि वाळून थोडा ताठर होतो. साधारण ५ ते ७ फेऱ्यांनंतर तो कागदात टिकत नाही, पाण्याबरोबर वाहून जातो. म्हणून रद्दीच्या चक्रात कुठून तरी नवा, लांब तंतू येत राहावाच लागतो.

यंत्राला काय कळत नाही

वरची सगळी यंत्रं दोनच गोष्टी ओळखतात, आकार आणि वजन. पिन जड, म्हणून निघते. प्लास्टिक मोठं, म्हणून अडकतं. पण पाण्यात विरघळलेलं किंवा तंतूत मुरलेलं रसायन यातल्या कुठल्याच चाळणीत अडकत नाही. ते गिरणीच्या पाण्यात फिरत राहतं, सांडपाण्यात जातं किंवा नव्या कागदात उतरतं.

तारापूरसाठी हा मुद्दा फार महत्त्वाचा. इथल्या रंग, औषध आणि रसायनांच्या कारखान्यांत पुठ्ठ्याची पिंपं, पावडरच्या कागदी गोण्या आणि आतल्या पिशव्या रोज रिकाम्या होतात. बाहेरून त्या साध्या पुठ्ठ्यासारख्याच दिसतात. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार घातक रसायन लागलेली रिकामी पिंपं, डबे आणि आतली अस्तरं हा घातक कचरा आहे. तो भंगारात विकायचा नसतो, परवानगी असलेल्या प्रक्रिया केंद्राकडे द्यायचा असतो. असं एक पिंप स्वच्छ खोक्यांच्या गठ्ठ्यात गेलं, तर ते वेगळं काढण्याची शेवटची संधी भंगाराच्या शेडमध्ये रद्दी निवडणाऱ्या बाईच्या हातात असते. तेही तिच्या हातात मोजे नसताना.

खड्ड्यातला वायू

दुसरा धोका गिरणीच्या आत असतो. गिरणी काही दिवस बंद राहिली की टाकीत साठलेला लगदा आंबतो. त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून खड्ड्याच्या तळाशी बसतो. सुरुवातीला सडक्या अंड्यांचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे वायू गेला, असं समजून माणूस खाली उतरतो आणि कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो.

यावरचा उपाय १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या कलम ३६ मध्येच लिहिलेला होता. वायूची तपासणी करून जाणकार व्यक्तीने लेखी दाखला दिल्याशिवाय आत जायचं नाही. नाहीतर श्वसनयंत्र लावून आणि कमरेला पट्टा बांधूनच उतरायचं, आणि पट्ट्याच्या दोराचं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात हवं. यासाठी लागणारं वायू मोजायचं यंत्र एका हातात मावतं.

तुम्ही काय करू शकता?

खोका कोरडा ठेवा. पालघरच्या चार महिन्यांच्या पावसात ही छोटी गोष्ट नाही. भिजलेल्या पुठ्ठ्याला बुरशी लागते, तंतू कुजतात आणि ओलाव्याचं वजन कापून भंगारवाल्याला कमी पैसे मिळतात.

चिकटपट्टी ओढून काढा. तिचा गोंद लगद्यात मऊ होतो, बारीक गोळ्यांच्या रूपात चाळणीतून निसटतो आणि पुढे चालू मशीनवरचा कागद तोडतो. तेलकट पिझ्झाचा खोका आणि मेण किंवा प्लास्टिकचा थर असलेला पुठ्ठा वेगळा ठेवा.

आणि कारखान्यात काम करत असाल, तर रसायनाची रिकामी पिंपं आणि गोण्या साध्या पुठ्ठ्याच्या ढिगात टाकू देऊ नका. घरात धान्य ठेवायला म्हणून तर त्या मुळीच आणू नका.