संडासाच्या टाकीत माणूस नको, पंप लावा



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, खत, खोडवा सोडून संडासाच्या टाकीवर का लिहावे, असे कोणी म्हणेल. पण शेतावर फिरताना हा प्रश्न मलाच विचारला जातो. "साहेब, टाकी भरली. घरी इंजिन आहे, पाइप आहे. आपणच उपसली तर नाही का जमणार?" आणि दुसरा, त्याहून वाईट : "दोन माणसे सांगितली आहेत, उतरून काढतील. किती द्यावे?"

दुसऱ्याचे उत्तर आधी देतो. काही देऊ नये, कारण माणूस उतरवूच नये. बंद टाकीत मैला कुजून मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड हे वायू साठतात. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो खरा. पण त्याचे प्रमाण वाढले की नाकच बधिर होते. वास गेला, आता उतरायला हरकत नाही, असे वाटते तेव्हाच माणूस कोसळतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, मग शेजारी. इंजिन विहिरीत उतरवून चालवले की त्याच्या धुराने असाच घात होतो, हे आपल्याला ठाऊक आहे. कंदील सोडून वायू पाहण्याची जुनी युक्ती तर इथे मुळीच नको. मिथेन पेट घेतो. झाकण उघडल्यावर विडीसुद्धा लांबच.

कायदाही आहे. 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय कोणाला सेप्टिक टँक साफ करायला लावणे हा गुन्हा ठरला. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अशा कामात मृत्यू झाल्यास द्यायची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये 10 लाख रुपये ठरवली होती, ती 2023 मध्ये 30 लाख केली. पण पैशाने घरचा माणूस परत येत नाही. आणि हे काम पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या माथी मारले गेले, हे गावात कोणाला सांगायला नको.

आता इंजिनाचे. टाकीत तीन थर असतात : वर साय, मधे पाणी, तळाला गाळ. आपला पाण्याचा पंप मधले पाणी तेवढे ओढतो. गाळ आला की पंख्यात चिंध्या, केस अडकून तो तुंबतो. मग कोणीतरी तो मोकळा करायला हात घालतो किंवा आत वाकतो, आणि धोका तिथेच. परदेशात घरासारख्या राहत्या मोटारी असतात. त्यांच्या पोटातील मैल्याची टाकी रिकामी करायला पाती असलेला लहान पंप मिळतो. तो मैला बारीक करून नळीतून ढकलतो. पण ती टाकी लहान आणि मैला ताजा. आपल्या पाच-सात वर्षे साचलेल्या घट्ट गाळाला तो पुरायचा नाही.

यासाठी टँकरच हवा. त्याची गंमत अशी, की त्याचा पंप मैल्याला शिवत नाही. तो टँकरमधली हवा ओढून घेतो आणि बाहेरच्या हवेच्या दाबाने गाळ नळीतून वर चढतो. म्हणून त्यालाही विहिरीवरच्या पंपाचीच मर्यादा आहे. हिशेबाने दहा मीटर, प्रत्यक्षात सहा-सात, घट्ट गाळाला त्याहून कमी. टँकर जितका टाकीजवळ येईल तितके बरे. नवी टाकी बांधताना गाडीची वाट सोडा. गाळ फार घट्ट असेल तर वरूनच पाणी सोडून लांब बांबूने ढवळावा. तळाला थोडा गाळ राहू द्यावा. नव्या मैल्याला तोच विरजण. फिनेल, ॲसिड ओतून टाकी चकचकीत करू नये.

दर दोन-तीन वर्षांनी उपसली तर गाळ दगडासारखा होतच नाही. सातारा जिल्ह्यातल्या वाईला नगरपरिषदेने 2018 पासून दर तीन वर्षांनी घरोघरच्या टाक्या पाळीपाळीने उपसण्याची पद्धत सुरू केली. टाकी तुंबण्याची वाट पाहायची नाही, आपण उसाला पाण्याची पाळी देतो तसेच. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरनेही तीच वाट धरली. दोन्हीकडे गाळ शुद्धीकरणाच्या ठिकाणी जातो.

आपल्याकडे टँकरवाल्याला पहिला प्रश्न हाच विचारावा : ओतणार कुठे? रात्री नाल्यात, बोडीत किंवा मालगुजारी तलावाच्या काठाला सोडून पळणारा टँकर स्वस्त पडत नाही. तेच पाणी धानाला आणि जनावरांना जाते. जवळच्या नगरपरिषदेकडे सोय आहे का, ते विचारावे. नसेलच तर आपल्याच शेतात, विहिरीपासून निदान शंभर फूट दूर, उंच जागी चर खणून त्यात सोडावा आणि मातीने झाकावा. सोनखताचा मोह समजतो, पण ओल्या मैल्यात जंतांची अंडी जिवंत असतात. आपल्या हवेत तो वर्षभर तरी झाकून पडला पाहिजे. भाजीपाल्याला तर कच्चा मैला कधीच नको. ज्यांच्याकडे दोन शोषखड्ड्यांचा संडास आहे त्यांचे काम सोपे. भरलेला खड्डा वर्ष-दोन वर्षे बंद ठेवला की कोरडे खत निघते, ते उसाच्या सरीत खुशाल घाला.

टँकर उन्हाळ्यात बोलवा. पावसाळ्यात वैनगंगेच्या काठच्या गावांत जमिनीतले पाणी वर येते, आणि अशा वेळी प्लास्टिकची हलकी टाकी पूर्ण रिकामी केली तर ती खालून उचलली जाते.