मध्यरात्रीनंतरचा वार

व्यापारी कुटुंबात दोन कालगणना एकाच छताखाली नांदत असतात. देवघराजवळ टांगलेल्या पंचांगातील वार सूर्योदयाला बदलतो, तर दुकानातील संगणकावरची तारीख रात्री बारा वाजता उलटते. एरवी या दोहोंत कधी तंटा होत नाही, कारण बारा ते सूर्योदय या वेळात माणूस बहुधा निजलेला असतो. मात्र त्या वेळात रस्त्यावर मालाची गाडी असली किंवा स्थानकावर कुटुंब उभे असले, की हा फरक पैशांत मोजावा लागतो. सांगलीतील हळदीच्या एका अडत व्यापाऱ्याला तो एकाच महिन्यात दोनदा मोजावा लागला.

पहिला प्रसंग दुकानातला. चार लाख रुपयांची सुकी हळद परगावी जायची होती. अंतर दोनशे किलोमीटरच्या आतले, म्हणून ई-वे बिलाची मुदत एका दिवसाची. हा एक दिवस बिल तयार केल्याच्या दुसऱ्या दिवशी मध्यरात्री संपतो. तरुण दिवाणजींनी शुक्रवारी बिल केले. हमाल वेळेवर आले नाहीत, त्यामुळे गाडी शनिवारी सायंकाळी निघाली. शनिवारची मुदत म्हणजे रविवार उजाडेपर्यंतची, अशा समजुतीने दिवाणजी घरी जाऊन निजले. वाटेत टायर फुटला आणि रात्री पाऊण वाजता तपासणी पथकाने गाडी अडवली. मुदत संपल्यावरही आठ तासांपर्यंत ती वाढवून मागता येते. पण ती संपली आहे हेच ज्याला ठाऊक नाही, तो मागणार कशी? पाच टक्के दराने कर वीस हजार रुपये आणि दंड त्याच्या दुप्पट, म्हणजे चाळीस हजार रुपये झाला.

दंड भरून माल सुटला. मालकांचा राग मात्र सुटला नाही. हमाल, ग्राहक आणि शाळेतून परस्पर दुकानात आलेली त्यांची बारा वर्षांची मुलगी या सर्वांसमक्ष त्यांनी दिवाणजींना सुनावले, "ज्याला तारीख कळत नाही, त्याने व्यापाऱ्याच्या गादीवर बसू नये. पहिल्या तारखेपासून येऊ नका." दंडाची काही रक्कम पगारातून कापून घेण्याचेही ठरले. दिवाणजी खाली मान घालून उभे राहिले. सहा वर्षांच्या नोकरीतील त्यांची ही पहिलीच मोठी चूक होती, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात आले नाही.

दुसरा प्रसंग त्यानंतर पंधरा दिवसांनी घडला. आजींची श्रवणबेळगोळच्या दर्शनाची इच्छा फार दिवसांची होती. मालक, त्यांच्या पत्नी, आजी, मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा अशी पाच माणसे मिरजेहून रात्रीच्या गाडीने निघून शनिवारी पहाटे अर्सिकेरे स्थानकावर उतरली. तेथून मोटारीने श्रवणबेळगोळ. तिकिटे मालकांनी कोणावर न सोपवता स्वतः काढली होती.

रविवारी सकाळी अनवाणी पायांनी विंध्यगिरीच्या सुमारे साडेसहाशे पायऱ्या चढून सर्व जण वर पोहोचले. आजी डोलीतून आल्या. सत्तावन्न फूट उंचीच्या त्या अखंड पाषाणमूर्तीसमोर मुलगा प्रथमच अवाक झाला. मूर्तीच्या पायाशी कोरलेला मराठी लेख मुलीला दाखवताना मालकांचा ऊर भरून आला. मराठीच्या आरंभीच्या शिलालेखांत त्याची गणना होते. आजींनी मात्र नातवंडांना समोरच्या गुळ्ळकायज्जीच्या मूर्तीकडे नेले आणि परंपरेने चालत आलेली कथा सांगितली. एवढी मूर्ती घडवून घेणाऱ्या चावुंडरायाच्या मनात अभिमान शिरला, तेव्हा त्याने घागरीमागून घागरी दूध ओतले तरी ते मूर्तीच्या पायांपर्यंत पोहोचेना. एका गरीब म्हातारीने लहानशा फळाच्या करवंटीतून आणलेल्या दुधाने मात्र सर्वांगाला अभिषेक घडला. "मोठ्या माणसाच्या हातून चूक होत नाही, असे नसते," आजी म्हणाल्या, "ती त्याला दाखवायला कोणीतरी लहान माणूस लागते."

सायंकाळी सूर्यास्तापूर्वी भोजन उरकून सर्व जण अर्सिकेरेला आले. परतीची गाडी रात्री दीडच्या सुमारास होती. तिकिटावर वार रविवार होता आणि आजही रविवारच. मालक निश्चिंत होते. मुलगा आजींच्या मांडीवर झोपला. मुलगी आईचा मोबाईल हाती घेऊन बसली होती. बारा वाजले आणि पडद्यावरचा वार बदलला.

"अप्पा, आता सोमवार लागला. तिकिटावर तर रविवार आहे."

मालकांनी तिकीट पुन्हा वाचले. रविवारी रात्री दीड वाजताची गाडी म्हणजे शनिवारची रात्र सरताना येणारी गाडी. ते सर्व जण काल धर्मशाळेत गाढ झोपले असताना ती येऊन निघूनही गेली होती. सुटून गेलेल्या गाडीच्या निश्चित तिकिटाचे पैसे परत मिळण्याची आशा नव्हती. त्या रात्रीच्या गाडीत जागाही नव्हती.

प्रथम त्यांनी रेल्वेला दोष दिला. मग, "तुम्ही तरी एकदा पाहायचे होते," असे पत्नीला म्हणून झाले. "अहो, मी दोनदा विचारले होते," एवढेच त्या म्हणाल्या. त्यानंतर मुलीने विचारले, "अप्पा, आता आजी तुम्हाला दुकानातून काढणार का?"

प्रश्नात खोचकपणा नव्हता. दुकानात जो न्याय तिने पाहिला होता, तोच तिने येथे लावून पाहिला होता. आजींनी तोंडावर पदर घेतला. त्या हसत होत्या की नाही, हे अंधारात कळले नाही. मालक उठून फलाटाच्या टोकापर्यंत गेले आणि बऱ्याच वेळाने परत आले. "चूक माझी आहे," ते पत्नीला म्हणाले. लग्नाला पंधरा वर्षे झाली होती. हे वाक्य त्या घरात फारसे ऐकू आलेले नव्हते.

रात्र प्रतीक्षालयात गेली. पंचांगातला सोमवार उजाडल्यावर आईने डब्यातील उरलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. सकाळच्या गाडीने अनारक्षित डब्यातून सर्व जण हुबळीला पोहोचले. त्या स्थानकावरचा १५०७ मीटर लांबीचा फलाट जगातील सर्वांत लांब म्हणून २०२३ साली गिनीज बुकात नोंदला गेला आहे. मुलाने तो टोकापर्यंत चालून पाहण्याचा हट्ट धरला. एरवी अशा हट्टाला वेळ नसणारे वडील त्याचा हात धरून निघाले. तेथून बसने प्रवास करून मंडळी रात्री उशिरा घरी आली. मुलाच्या मते संपूर्ण सहलीत हा शेवटचा दिवस सर्वांत चांगला होता.

मंगळवारी मालक नेहमीपेक्षा अर्धा तास लवकर दुकानात गेले. पहिली तारीख तीन दिवसांवर होती. दिवाणजींना समोर बसवून त्यांनी अर्सिकेरेची हकीकत आरंभापासून सांगितली. तीही हमालांच्या देखत, कारण बोल लावले होते ते सर्वांदेखतच. मग ते म्हणाले, "चूक एकच आहे. तुम्हाला एक न्याय आणि मला दुसरा, असे चालणार नाही. नोकरी तुमची आहे. पगारातून काही कापायचे नाही."

दिवाणजी काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी खतावणी ओढून विचारले, "मालक, तिकिटांचे पैसे कोणत्या खात्यावर लिहू?"

"माझ्या घरखर्चाच्या. आणि दंड दुकानाच्या."

त्या गादीसमोरच्या भिंतीवर आता मुलीच्या अक्षरातील एक पुठ्ठा टांगलेला आहे. ई-वे बिलाची मुदत मध्यरात्री संपते, अशी त्यावरची पहिली ओळ आहे. रात्री बारा ते पहाट या वेळेतील गाडीसाठी आदल्या रात्रीच स्थानकावर जावे, अशी दुसरी. पुठ्ठा नीट वाचल्याखेरीज दिवाणजी बिल करत नाहीत आणि मालक तिकीट काढत नाहीत. काढलेले तिकीट ते मुलीकडून तपासून घेतात.