पेशीच्या कोठीतला चोर

पाण्याचे मोल बीड जिल्ह्यातल्या माणसाला कोणी शिकवायला नको. दुष्काळात टँकर आला की आपण रांजण, हंडे, पिंपे सगळे भरून ठेवतो. त्याच साठवणीच्या पाण्यात एका डासाची मादी अंडी घालते. तिच्या अंगावर पांढरे पट्टे असतात. ती दिवसा चावते. तिच्या चाव्यातून डेंगूचा विषाणू आपल्या अंगात शिरतो.

हा विषाणू केवढा असतो? एका मिलिमीटरचे वीस हजार भाग करा. त्यातला एक भाग, एवढाच! 1943 साली जपानात किमुरा आणि होत्ता या शास्त्रज्ञांनी तो प्रथम वेगळा काढला. त्याला स्वतःची चूल नाही, स्वतःचे धान्य नाही. तो दुसऱ्याच्या घरात शिरूनच वाढतो.

ते घर म्हणजे आपल्या शरीरातली पेशी. पेशीत चरबीचे बारीक थेंब साठवलेले असतात. आपण अडीनडीला कोठीत ज्वारी ठेवतो ना, तसेच हे. उपास पडला की पेशी ते थेंब फोडते अन् शक्ती मिळवते.

विषाणू आत शिरला की या कोठीवरच हात मारतो. तो पेशीला थेंब फोडायला लावतो आणि ती शक्ती आपल्या वाढीसाठी वापरतो. अमेरिकेतल्या संशोधकांनी 2010 साली हे दाखवून दिले. पण एवढ्यावर त्याचे भागत नाही. तो पेशीकडून नवी चरबीही करवून घेतो. चरबीच्या पडद्यांआड तो आपल्यासारखेच अनेक विषाणू तयार करतो. मग ते पेशीच्याच चरबीचा अंगरखा घालून बाहेर पडतात आणि दुसऱ्या पेशीत शिरतात.

मग आपण तेल-तूप सोडावे काय? नाही. तेवढ्याने डेंगू टळत नाही. चोराला वेशीवरच अडवले पाहिजे.

आठवड्यातून एकदा प्रत्येक भांडे रिकामे करावे. पाणी मोलाचे आहे, ते ओतून देऊ नये. फडक्याने गाळून दुसऱ्या भांड्यात घ्यावे. फडक्यावरच्या अळ्या कोरड्या मातीत टाकाव्यात. रिकामे भांडे आतून घासावे, कारण अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी असली तरी महिनोन् महिने टिकतात. भांड्यावर घट्ट झाकण ठेवावे.

ताप आला, अंग ठणकू लागले, तर लगेच दवाखाना गाठावा. मनाने ॲस्पिरिनची गोळी घेऊ नये. तिने रक्तस्राव वाढू शकतो. पाणी, पेज भरपूर घ्यावी. ताप उतरल्यावरही पोट फार दुखले, सारख्या उलट्या झाल्या किंवा रक्त दिसले, तर क्षणभरही थांबू नये.