मिश्रधातूंची चुंबकीय पातळ पटले

मिश्रधातूंची चुंबकीय पातळ पटले म्हणजे काच, सिलिकॉन किंवा मॅग्नेशियम ऑक्साइडसारख्या आधारकावर बसवलेले, काही नॅनोमीटर ते काहीशे नॅनोमीटर जाडीचे, लोह, कोबाल्ट, निकेल इत्यादी धातूंच्या मिश्रणाचे थर होत. त्यांचे चुंबकत्व केवळ घटकांच्या प्रमाणावर अवलंबून नसते. अणू कोणत्या क्रमाने बसले आहेत, यावरही ते ठरते. संगणकाच्या हार्ड डिस्कवरील माहिती अशाच पटलांत साठवलेली असते.

अणुरचना आणि चुंबकत्व

लोहासारख्या धातूंत अणूचे चुंबकीय परिबल मुख्यतः इलेक्ट्रॉनांच्या परिवलनामुळे निर्माण होते. शेजारच्या अणूंमधील अंतर व मांडणी बदलली की इलेक्ट्रॉनांचे ऊर्जापट्ट बदलतात आणि चुंबकत्वही बदलते. याचे उदाहरण स्वयंपाकघरातही आढळते. साध्या लोखंडाची रचना कायकेंद्रित घनीय असते व त्याला चुंबक चिकटतो. १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असलेल्या स्टेनलेस स्टीलची रचना मात्र फलककेंद्रित घनीय असते. सुमारे ७० टक्के लोह असूनही त्याच्या भांड्याला चुंबक चिकटत नाही. हेच स्टील ठोकून वाकवल्यास काही भागाची रचना पालटते आणि तेथे चुंबक किंचित ओढला जातो.

लोह-प्लॅटिनम पटल

दोन्ही धातूंचे अणू समप्रमाणात घेऊन सामान्य तापमानाला पटल तयार केल्यास ते अणू जालकात कसेही विखुरतात आणि पटल मृदू चुंबक ठरते. तेच पटल सुमारे ५०० ते ६०० अंश सेल्सिअसला तापवल्यास एक थर लोहाचा, एक प्लॅटिनमचा अशी एकाआड एक मांडणी होते. धागे तेच ठेवून विणीचा क्रम बदलला की सोलापुरी चादरीवर निराळी नक्षी उमटते, तसाच हा प्रकार होय. घनाकृती कोशिका एका अक्षावर सुमारे ४ टक्के आखूड होते. प्लॅटिनमच्या जड अणूतील परिवलन-कक्षा युग्मन प्रबळ असल्याने चुंबकन या अक्षाला जखडले जाते. विषमदिकता ऊर्जा दर घनमीटरला सुमारे ७० लाख जूलपर्यंत पोहोचते. एरवी पातळ पटलातील चुंबकन पृष्ठभागाला समांतर राहते. येथे अक्ष लंब असल्यास ते उभे राहते.

कण फार लहान झाला की केवळ उष्णतेने त्याच्या चुंबकनाची दिशा उलटते व नोंद पुसली जाते. क्रमबद्ध लोह-प्लॅटिनमचे ३ ते ४ नॅनोमीटरचे कणही ती टिकवू शकतात. मात्र अशा कणावर लिहिणे तितकेच कठीण असल्याने नोंद करताना लेसरने तो क्षणभर तापवला जातो. खरी अडचण निर्मितीत आहे: क्रम आणणारी उष्णताच कणांना एकमेकांत मिसळून मोठे करते. म्हणून कणांभोवती कार्बनसारखा पदार्थ ठेवतात.

मापन

अणूंचा क्रम क्ष-किरण विवर्तनातील जादा शिखरांवरून ओळखता येतो. पटलात किती खोलीवर किती चुंबकत्व आहे, हे ध्रुवित न्यूट्रॉनांच्या परावर्तनातून कळते, कारण न्यूट्रॉनला स्वतःचे चुंबकीय परिबल असते. मुंबईत तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ध्रुव अणुभट्टीवर (१०० मेगावॅट, १९८५) असे उपकरण आहे. निकेल-ॲल्युमिनियमच्या बहुस्तरांत सीमेवर अणू मिसळून बनणाऱ्या मिश्रधातूच्या थरात चुंबकत्व कसे नाहीसे होते, याचाही अभ्यास या पद्धतीने झाला आहे.