इंजिन नियंत्रण संगणकातील फेरबदल : ठाणे व कल्याण-डोंबिवलीच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
मोटारीचे इंजिन 'ट्यून' करणे ही ठाणे-कल्याण परिसराला नवी बाब नाही. १९९० च्या दशकात कल्याणच्या कारखान्यात काही काळ प्यूजो ३०९ ही मोटार तयार होत होती. त्या काळातील बहुतांश पेट्रोल गाड्यांत कार्ब्युरेटर असे आणि मेकॅनिक स्क्रू फिरवून, इंजिनचा आवाज ऐकून इंधन-हवेचे प्रमाण ठरवीत असे. २००० नंतर उत्सर्जनाचे निकष कडक होत गेले व हे काम 'ईसीयू' या संगणकाकडे आले.

कार्यपद्धती :
इंजिनची गती, आत येणारी हवा, तापमान व धुरातील ऑक्सिजन यांच्या नोंदी घेऊन ईसीयू स्मृतीतील कोष्टकांनुसार, म्हणजेच 'मॅप'नुसार, इंधनाची मात्रा व ठिणगीची वेळ ठरवितो. ही कोष्टके बदलणे म्हणजे 'रीमॅपिंग' होय. एकच गाडी राजस्थानच्या उन्हात, सह्याद्रीच्या घाटात आणि साध्या पेट्रोलवरही सुरक्षित चालावी, म्हणून निर्माता काही क्षमता राखून ठेवतो. रीमॅपिंग ही राखीव क्षमता खर्ची घालते. टर्बो इंजिनात हवेचा दाब वाढविता येत असल्याने लाभ ठळक असतो. टर्बो नसलेल्या इंजिनात तो अल्प असतो.

परिणाम :
पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी १ भाग इंधनास १४.७ भाग हवा लागते व कॅटॅलिटिक कन्व्हर्टर याच प्रमाणाच्या आसपास प्रभावी ठरतो. कमाल शक्ती मात्र सुमारे १२.५ ते १३ भाग हवेवर मिळते. म्हणजे शक्तीसाठी मिश्रण अधिक समृद्ध केल्यास कार्बन मोनॉक्साइड वाढतो. ठिणगी लवकर पाडल्यास तापमान व नायट्रोजन ऑक्साइड वाढतात, तसेच 'नॉकिंग'मुळे पिस्टनला धोका संभवतो.

स्थानिक संदर्भ :
घोडबंदर रस्ता अथवा शिळफाट्याच्या कोंडीत वाढीव शक्तीचा उपयोग क्वचितच होतो, कारण ती मुख्यतः अॅक्सिलरेटर खोलवर दाबल्यावर प्रकट होते. उलट कोंडीत इंजिनात शिरणारी हवा तापते आणि राखीव क्षमतेची गरज तेव्हाच अधिक भासते.

कायदेशीर बाजू :
मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरतील असा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने अनधिकृत बदलासाठी प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास अथवा दोन्हींची तरतूद केली. तथापि एमएच-०४ वा एमएच-०५ क्रमांकाच्या गाडीचा बदललेला सायलेन्सर रस्त्यावर ओळखू येतो; बदललेला मॅप दिसत नाही. पीयूसी तपासणीत नायट्रोजन ऑक्साइड मोजले जात नाहीत. केवळ संगणकप्रणालीच्या आधारे तपासणी चुकविता येते, हे फोक्सवॅगन प्रकरणाने २०१५ मध्ये जगासमोर आणले होते.

निष्कर्ष :
रीमॅपिंगमध्ये शक्ती आकाशातून येत नाही. ती इंजिनच्या आयुष्यातून व परिसराच्या हवेतून उसनी घेतली जाते. लाभ एका चालकाचा असतो, तर धूर सर्वांच्या वाट्याला येतो. म्हणूनच हा विषय केवळ अभियांत्रिकीचा न राहता नागरिकशास्त्राचाही ठरतो.